व्हार्निशच्या खोलीचं दार

वालेंती सोबोलइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण त्याला स्वतःलाच या गोष्टीचा भारी अभिमान होता, म्हणून बोलतो. एकदा फोरमन त्याला म्हणाला, "मिस्त्री, हिरवा जरा फिका झाला तरी चालेल. गिऱ्हाईक आंधळंच आहे." वालेंतीने ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "गिऱ्हाईक आंधळं असेल. मी नाही." आणि तीन दिवसांचं काम खरवडून काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फोरमन बोंबलत राहिला.

तो क्राकूवकडच्या एका खेड्यातून आलेला. तिकडे जमीनदारांच्या घोडागाड्या रंगवायचा. डेट्रॉइटला आला तेव्हा इथले घोडागाड्यांचे कारखाने मोटारी बनवायला लागले होते, आणि रंग तोच, ब्रशही तेच, त्यामुळे याचं काही अडलं नाही. मी इग्नात्सी, त्याच कारखान्यात बॉड्या घासणारा. हॅमट्रॅमिकमध्ये आमची घरं एकाच गल्लीत, चर्चमधला बाकही एकच. माझी बायको म्हणायची, "तुझं लग्न खरं त्या वालेंतीशीच व्हायचं." कारखान्याचं नाव सांगत नाही. तो आता बंद पडलाय, आणि मालकाची माणसं अजून याच शहरात आहेत.

आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा एक मोटार रंगवायला महिना लागायचा. आधी सफेद्याचे हात, मग भरणीचे हात, मग ते सगळं दगडाच्या पुडीने आणि पाण्याने घासून आरशासारखं सपाट करायचं. हे घासणं माझं. दिवसभर हात पाण्यात, बोटांची कातडी निघायची, आणि शाबासकी मात्र रंगाऱ्याला! त्यावर रंग, रंगावर व्हार्निश, पुन्हा घासणं, पुन्हा व्हार्निश. आणि सगळ्यात शेवटचा व्हार्निशचा हात फक्त वालेंतीचा. तो द्यायची खोली वेगळी होती.

हा शेवटचा हात एकदा सुरू केला की मधे थांबता येत नाही. ओली कड जराशी वाळली की तिथे रेघ उठते आणि ती रेघ गाडी भंगारात जाईपर्यंत जात नाही. धुळीचा एक कण बसला तरी महिन्याची मेहनत मातीत. म्हणून त्या खोलीची जमीन पाणी मारून ओली ठेवलेली असायची, आणि दार चांगलं जाड, फटींत कापड ठोकलेलं. वालेंती डोक्याला फडकं गुंडाळून, अंगात धुऊन धुऊन झिजलेला सदरा घालून, पायात लाकडी तळव्यांचे जोडे चढवून एकटा आत जायचा. जाताना बाहेरच्या खिळ्याला एक लाल फडकं अडकवायचा. लाल फडकं असलं की दार कुणी उघडायचं नाही. ठोठावायचंही नाही, कारण चौकटीवर धूळ बसलेली असते आणि ठोठावलं की ती हलते. एकदा खुद्द मालक एका मोठ्या पाहुण्याला घेऊन आला आणि टोपी हातात धरून अर्धा तास दाराबाहेर उभा राहिला. पाहुणा वैतागला, तर मालक त्याच्या कानात म्हणाला, "हळू बोला. आत सोबोल आहे."

दाराबाहेर राखणीला मी. माझं घासायचं टेबलच तिथे होतं. एका माणसाने एकदा विसरून दार ढकललं, त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून मी त्या दारावर डोळ्यांत तेल घालून बसायचो. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा, हे आज सांगताना माझीच मला लाज वाटते.

वालेंतीला मूल एकच. झेनॉन. आम्ही सगळे झेनेक म्हणायचो. सोळाव्या वर्षी वालेंतीने त्याला हाताखाली घेतला आणि चार वर्षांत पोरगा असा तयार झाला की मरून रंगात काळ्याचे किती थेंब घालायचे हे तो डबा हलवून सांगायचा. बापाच्या पायांचा आवाज ऐकून तो बाहेर बसल्याबसल्या सांगायचा, "आता मागची बाजू झाली. आता डावं दार. बाबा आता वाकलेत." आणि ते खरं निघायचं. वालेंती त्याच्यासमोर कधी कौतुक करायचा नाही. माझ्यासमोर करायचा, आणि वर दम द्यायचा, "त्याला सांगशील तर बघ."

मग नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याने सगळ्या गाड्या एकच काळ्या करायला घेतल्या. तिथे ब्रश नाही, व्हार्निशची खोली नाही. मडगार्डवर नळीने काळा रंग ओतायचा, खाली ठिबकू द्यायचा आणि भट्टीत भाजून काढायचा. दोन तासांत गाडी तयार. निळा, हिरवा भट्टीत पिवळा पडतो, काळ्याला काही होत नाही, म्हणून काळा. पगार आमच्या दुप्पट. झेनेक तिकडे गेला.

वालेंतीच्या डोक्यात तिडीक गेली. "नळीने ओततो? अरे, दूधवाला पण ओततो! तो काय रंगारी होतो?"

"बाबा, तीन वर्षांत सगळ्याच गाड्या काळ्या होतील. तुम्ही बघा."

"मी बघणार नाही. आणि तुझं तोंडही बघणार नाही."

रागात माणूस काहीही बोलतो. पण वालेंती बोलायचा ते करायचा. झेनेक एका विधवेच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायला गेला. त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईच्या हट्टामुळे तो जेवायला आला. आमच्यात जेवणाआधी प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या पातळ पोळीचा तुकडा मोडतो आणि वर्षभराचं सगळं माफ करतो. वालेंतीने बायकोची मोडली, माझी मोडली, माझ्या बायकोची मोडली. झेनेक हात पुढे करून उभा होता. वालेंती खाली बसला आणि म्हणाला, "अपोलोनिया, सूप वाढ." असा नालायक होता माझा मित्र. अपोलोनिया सूप वाढताना रडत होती आणि आम्ही सगळे मान खाली घालून बीटाचं सूप पीत होतो.

पुढे सन अठराच्या सप्टेंबरची गोष्ट. वालेंती एका मोठ्या डॉक्टरच्या गाडीला शेवटचा हात देत होता. गडद निळी गाडी. कारखान्यातल्या लोकांनाही आता कळून चुकलं होतं की अशा गाड्या फार राहिल्या नाहीत. दार बंद होतं, लाल फडकं लागलेलं. मी बाहेर बसून घासत होतो. दीड वाजायला आला असेल. वर मान केली तर समोर झेनेक, हातात एक लहानशी पेटी.

"काका, बाबा आत आहेत?"

"लाल फडकं दिसत नाही? का डोळे त्या काळ्या डबक्यात पडले?"

तो हसला. "दिसतंय. केव्हा गेले?"

"झाला असेल अर्धा तास. का रे? पेटी घेऊन कुठे निघाली स्वारी?"

"फौजेत, काका. आपल्या पोलिश फौजेत. आधी नायगराच्या काठच्या छावणीत, मग फ्रान्सला. दोन दहाची गाडी आहे." मग खाली बघून म्हणाला, "आईला सकाळी सांगितलं. ती म्हणाली, बाबांना भेटल्याशिवाय जायचं नाही. मलाही तसं जायचं नव्हतं."

ज्या देशासाठी तो लढायला निघाला होता, तो तेव्हा नकाशावर नव्हता. मी त्याला मूर्ख म्हणणार होतो, पण त्याचा चेहरा बघून बाजूला सरकलो आणि त्याला जागा दिली.

तो दाराजवळ जाऊन उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. आतून लाकडी जोड्यांचा आवाज येत होता. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. "डावं दार," झेनेक कुजबुजला. "आता मागे गेले. आता उजवं." मला त्याच्या चेहऱ्यावर तो सोळा वर्षांचा झेनेक दिसला. मग आवाज थांबला. तो म्हणाला, "पुढे आले. आता स्टुलावर चढतील, काचेपुढचा गळ्याचा भाग करायला. तिथे पाय हलत नाहीत. अजून वीस मिनिटं धरा."

"वीस मिनिटं तुझ्याकडे आहेत का?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पंधरा आहेत. धावलो तर."

आम्ही वाट पाहिली. तो मला छावणीबद्दल हळूहळू सांगत होता, मी हं हं करत होतो, आणि दोघांचंही लक्ष त्या दाराकडे. आत चिडीचूप. पाच मिनिटं गेली, दहा गेली. झेनेकने दारावर तळहात टेकला. मग हात मागे घेतला, मूठ वळली आणि ठोठावायला वर उचलली.

आणि मी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"वेडा झालास?" मी त्याच्या कानाशी पुटपुटलो. "तो माझी चामडी सोलेल! आणि तुझी आधी. म्हणेल, हाही रंग बुडवला या पोराने."

झेनेकने माझ्याकडे पाहिलं. त्याने जोर केला असता तर माझा हात सहज सुटला असता, तो चांगला दणकट होता. त्याने जोर केला नाही. मूठ उघडली, हात खाली घेतला. "खरंय काका," तो म्हणाला. "तसंच म्हणतील." मग पेटी उचलली. "त्यांना सांगा, मी आलो होतो. काम चालू होतं म्हणून हाक मारली नाही."

तो गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज आला आणि गेला. मग दोन-तीन मिनिटांत दार उघडलं. वालेंती दारात, हातात ब्रश, कपाळावर घाम.

"कोण होतं?"

"झेनेक. फौजेत निघालाय. दोन दहाची गाडी आहे."

त्याच्या चेहऱ्याचा रंग असा उडालेला मी कधी पाहिला नव्हता. ब्रश खाली पडला. ओल्या व्हार्निशचा ब्रश, जमिनीवर! आणि तो धावत सुटला. लाकडी जोडे, डोक्याला फडकं, हात व्हार्निशने चिकट. दार मागे उघडंच राहिलं. लोक सांगतात, ट्रामच्या कंडक्टरने त्याला चढू दिलं नाही, सीट खराब होतील म्हणून. तो पुढे तसाच धावला. स्टेशनवर पोहोचला तेव्हा फलाट रिकामा होता आणि एक हमाल झाडू मारत होता.

त्या निळ्या गाडीवर दार उघडं राहूनही एक कण बसला नाही. मालकाने ती शहरातल्या प्रदर्शनात ठेवली. वालेंती ती बघायला गेला नाही.

झेनेकचं एकच पत्र आलं, आईला. छावणीत जेवण बरं आहे, बूट मोठे आहेत, आणि बाबांचं काम नीट झालं असेल ना. वालेंतीने ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. त्याला वाचता येत होतं, तरी. मी म्हटलं, "उत्तर लिही." तो म्हणाला, "लिहून काय होतंय? सणाला सुट्टी काढतो आणि जाऊनच येतो. समोरासमोर." सगळ्या संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला. तिकिटाची चौकशी केली, अपोलोनियाने सॉसेज धुरावर ठेवले, झेनेकसाठी मोजे विणले.

पण त्या ऑक्टोबरात फ्लूची साथ आली. फ्रान्सला जायच्या आधीच, त्या छावणीतच झेनेक गेला. आजारी पडल्यापासून चौथ्या दिवशी. वय तेवीस. साथीमुळे छावणीत बाहेरच्यांना येऊ देत नव्हते, म्हणून त्याला तिथेच इतरांबरोबर पुरलं. तार चर्चमध्ये आली आणि पाद्री ती घेऊन गल्लीत आले. अपोलोनियाचं ओरडणं मी माझ्या घरात बसून ऐकलं. उठून जायला हवं होतं. पाय उचललाच नाही.

आमच्या कारखान्यातही दोन वर्षांत भट्ट्या आल्या आणि सगळं काळं झालं. व्हार्निशच्या खोलीत टायर ठेवायला लागले. वालेंतीला दुसरीकडे रंगाचं काम मिळत होतं, पण तो गेला नाही. तो गेला नदीपलीकडच्या त्या मोठ्या कारखान्यात आणि मडगार्डवर नळीने काळा रंग ओतू लागला. साठीच्या घरातला, हातात सगळ्या शहराची विद्या असलेला माणूस! लोकांनी टिंगल केली. तो रंग ओतत राहिला. झेनेक ज्या रांगेत उभा राहायचा ती रांग त्याने मागून घेतली होती, एवढं मला ठाऊक होतं.

मग पंचवीस-सव्वीसच्या सुमारास नवा रंग आला, पंपाने फवारायचा, तासाभरात वाळणारा. रंगीत गाड्या परत आल्या. एका रविवारी चर्चहून येऊन आम्ही दोघे माझ्या घराच्या पायऱ्यांवर बसलो होतो. रस्त्याने एक गाडी गेली, हिरवी, चाकं नारिंगी. अगदीच बटबटीत.

मी म्हटलं, "काय रे हे? सर्कशीतली वाटते."

वालेंतीने तिच्याकडे मान वळवून पाहिलं आणि पुन्हा सरळ बसला. "तो म्हणाला, सगळ्या काळ्या होतील. झाल्या. मी म्हणालो, रंग जाणार नाही. नाही गेला. दोघांचंही खरं ठरलं, इग्नात्सी. मग भांडत कशासाठी होतो आम्ही?"

त्याने घरच्या बिअरचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि एकाएकी म्हणाला, "मी ऐकलं होतं त्याला."

"कुणाला?"

"झेनेकला. त्या दिवशी. मी डाव्या दारावर होतो तेव्हाच. शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. त्याला लहानपणापासून हळू बोलता यायचं नाही. मी भराभर उरकलं. पुढचा गळा मी आधीच केला होता, त्या दिवशी उलट्या बाजूने सुरुवात केली होती. उजवं दार झालं आणि काम संपलं. जोडे काढले आणि अनवाणी दाराशी येऊन उभा राहिलो. त्या जाड दारातून तिथेही शब्द कळेनात."

मी त्याच्याकडे वळलो. "किती वेळ?"

"तो जाईपर्यंत. मग जोडे पुन्हा चढवले, ब्रश उचलला आणि काही ऐकलंच नाही असं दाखवत दार उघडलं. मला वाटलं, माफी मागायला आलाय. फौजेचं मला काय माहीत! म्हटलं, चौदा महिने मी जळलोय. आता त्याने एकदा ठोठावावं. तो नियम माझा आहे, त्याला ठाऊक आहे, तरी मोडावा. माझ्यासाठी एवढं करावं. ठोठावलं की त्याच क्षणी उघडायचं, ठरवून कडीवर हात ठेवून उभा होतो." त्याने हात पुढे करून कडी धरल्यासारखी बोटं वळवली. "नाही ठोठावलं त्याने. मी त्याच्या मनातून तेवढा उतरलो होतो."

मी तेव्हा गप्प राहू शकलो असतो. आठ वर्षं राहिलोच होतो. पण आठ वर्षं हा माणूस त्या समजुतीवर जगला होता, आणि ती समजूत माझ्यामुळे होती.

"तो ठोठावणार होता," मी म्हणालो. "वालेंती, त्याने मूठ उचलली होती. मी धरलं त्याचं मनगट. मी म्हटलं, बाप चामडी सोलेल."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"मूठ. कशी उचलली होती ते दाखव."

मी उजवा हात वर केला, मूठ वळली.

"एवढी वर?"

"एवढी."

"दाराच्या किती जवळ?"

"वीतभर. वीतही नसेल."

त्याने माझी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. झेनेकच्या बातमीनंतर तो रडला नव्हता. मीही रडलो. मग तो उठला, टोपी घातली आणि घरी गेला.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. माझ्या पायऱ्यांवर पुन्हा बसला नाही. रस्त्यात दिसला की टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असतो तर टोपीलाही हात लावला नसता.

त्याला पुरून आलो त्या दिवशी अपोलोनियाच्या घरी सगळे जमले होते. तिथे शेजारपाजारचे, चर्चमधले, नदीपलीकडच्या कारखान्यातले लोक एकमेकांना वालेंतीच्या आठवणी सांगत होते, आणि मला कळलं की या चार वर्षांत त्याने भेटेल त्याला एक गोष्ट सांगितली होती. न्हाव्याला, पाद्र्यांना, ट्रामच्या कंडक्टरला. माझा झेनेक जायच्या दिवशी मला भेटायला आला होता, म्हणायचा. नियम मोडून ठोठावणार होता. मूठ उचलली होती त्याने. दारापासून वीतभरही लांब नव्हती.

"मग ठोठावलं का नाही?" मी न्हाव्याला विचारलं.

"मीही विचारलं होतं," न्हावी म्हणाला. "तर म्हणाले, गाडीची वेळ झाली." झेनेकला कुणी अडवलं, त्याचं मनगट कुणी धरलं, हे वालेंतीने एकालाही सांगितलं नव्हतं.